विसावलेल्या पेशी

माझं बोट गाडीच्या दारात सापडून काळंनिळं झालं होतं, तेव्हासुद्धा डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. बोटाकडे त्यांनी नंतर पाहिलं. कान दुखला तरी वजन, डोळे चुरचुरले तरी वजन. एकदा मी नुसती नवऱ्याच्या सोबतीला गेले होते. पाठ त्याची धरली होती, आणि तो तर असा की बाजूने उभा राहिला तर दिसायचा नाही. तरी त्याची चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य टाकलं. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून दवाखान्याची पायरी चढायची नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत क्लच आणि ब्रेक माझ्या पायांपाशीही आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटत राहतं की गाडी तोच चालवतोय. आवाज मोठा, राग नाकावर आणि सीट पार मागे सरकवलेली, अशी माझी ख्याती. लोक येताना या तिन्हींची चेष्टा करत येतात आणि लायसन्स मिळालं की पहिला फोन मला करतात. शरीराने मला कामात कधी अडवलं नाही. अडवलं ते लोकांनी.

माझी धाकटी बहीण एका मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत आहे. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी विषाणूशी कशा लढतात हे ती बघते. लठ्ठ माणसांच्या पेशी आणि सडपातळ माणसांच्या पेशी यांच्या लढण्यात काही फरक असतो का, हा तिचा विषय. सडपातळ माणसांची तिथे वाण नव्हती. प्रयोगशाळेतलेच लोक बाह्या वर करून बसायचे. लठ्ठ माणसं मात्र मिळेनात. कोण कशाला आपणहून त्या रांगेत उभं राहील? शेवटी एके दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन फ्रिजचं दार उघडझाप करत राहिली, तेव्हा मीच विचारलं की तुला माझं रक्त हवंय का. ती लाल झाली. मी म्हटलं, घे की, माझ्याकडे काय कमी आहे.

रक्त द्यायला मी गेले. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात होते, म्हणून मी टेबलाच्या कडेला टेकून दंड पुढे केला. भिंगरीने स्वतः सुई घातली. मग तिने पुढचं सगळं उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. रक्तातून आधी पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. सुईने ओढून आणि यंत्रात गरगर फिरवून त्या बेजार झालेल्या असतात, म्हणून त्यांना रात्रभर उबदार पेटीत, पोषक द्रवात विसावू द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर फ्लूचा विषाणू सोडायचा. मग त्या किती ऑक्सिजन ओढतात, किती इंधन जाळतात आणि शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन किती सोडतात, हे मोजायचं. रात्रभर विसावा आणि वर आयतं जेवण म्हटल्यावर मी म्हणाले, पुढचा जन्म पेशीचाच घ्यावा म्हणते.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. खरं तर रक्त देणाऱ्याला त्याचा एकट्याचा निकाल सांगायचा नसतो, तसा नियम आहे. पण तिला राहवलं नाही. ती म्हणाली, ताई, तुझ्या पेशी अगदी सडपातळ लोकांसारख्या लढल्या, काडीचा फरक नाही.

मला काय वाटलं ते सांगते. पांढरा कोट घातलेल्या माणसाने माझ्या शरीराबद्दल चांगलं काही बोलण्याची ती पहिलीच वेळ होती, मग ती माझी बहीण का असेना. अंगावर मूठभर मांस चढलं. आधीच काय कमी होतं, पण हे मला हवंहवंसं होतं. मी नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या गिअरमध्येच सांगितलं. माझी फौज सर्टिफिकेटवाली आहे म्हणायचे. नवरा म्हणाला, फौजेला छावणीही प्रशस्त मिळाली आहे. त्याला मी दोन दिवस बोलू दिलं नाही, पण मनातून हसले.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक रिटायर्ड हेडमास्तर शिकायला यायचे. वाऱ्याने डोकं धरतं म्हणून काच खाली करू द्यायचे नाहीत, आणि प्रत्येक वळणावर शिंकायचे. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा असं मीच बजावलेलं, त्यामुळे तोंडापुढे धरायला हात उरायचा नाही. आठवडा संपता संपता मला कणकण आली. फ्लूची लस भिंगरीच्या संस्थेतच घेतलेली होती, फौज सर्टिफिकेटवाली होती, म्हणून मी दोन गोळ्या घेतल्या आणि पडून राहायचं ठरवलं.

पडून राहणं काही जमेना. आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून उठायचं. उठलं की पाय गळायचे, म्हणून बसायचं. बसलं की पाठीत कळ, म्हणून पुन्हा खिडकीपाशी. चादर नको, पंखा नको, पंखा बंद केला की जीव घाबरा. नवऱ्याने कामावर जाताना विचारलं, दाखवून येऊ या का. मी त्याच्यावर खेकसले. तिथे काय सांगणार ते मला पाठ आहे, त्याच्यासाठी भाडं कशाला घालवायचं? तो दारात थोडा वेळ रेंगाळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ताप तेवढाच आणि खोकला दुप्पट. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून परत येताना मी मधल्या दाराला धरून उभी राहिले, आणि कशासाठी थांबले ते मलाच कळेना. दम लागला होता. पण ते मी कबूल केलं नाही. पायरी नाही, चढ नाही, घरातल्या घरात कसला दम लागतो?

त्याच दुपारी भिंगरी आली. नवऱ्यानेच फोन केला असणार. चपला काढायच्या आत तिने माझ्या कपाळाला हात लावला, मग खोलीभर फिरायला लागली. खुर्ची सरळ कर, पडदा सरकव, औषधाची पट्टी उलटीसुलटी करून बघ. मी म्हटलं, बस की जरा, तुला बघून मला चक्कर येते. ती बसली नाही. दोनदा बोलायला तोंड उघडून तिने मिटलं. पोरीच्या पोटात काहीतरी आहे हे मला दिसत होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी तुला फोनवर जे सांगितलं होतं, ते चुकीचं निघालं."

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या प्रयोगशाळेतली उबदार पेटी मध्ये बंद पडली. त्या दिवशी रक्त द्यायला माणसं येऊन बसलेली, त्यांना परत कसं पाठवायचं? म्हणून त्यांनी पेशी विसावू न देता लगेच तपासल्या. पोषक द्रवही त्या पेटीतच खराब झाला होता, म्हणून ज्याच्या पेशी त्याच्याच रक्तातल्या पिवळ्या पाण्यात ठेवल्या. आणि फरक दिसला. थोडाथोडका नाही. लठ्ठ माणसांच्या पेशी विषाणू यायच्या आधीपासूनच भराभर इंधन जाळत होत्या, आणि विषाणू आल्यावर त्यांच्याकडून ते सावध करणारं प्रथिन कमी सुटत होतं, तेही उशिरा. आधी त्यांना वाटलं घाईत काही चुकलं. मग पेटी दुरुस्त होऊन आली तरी त्यांनी मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. विसावलेल्या पेशींत फरक नाही, ताज्या पेशींत फरक आहे. रात्रभर विसावू द्यायचं हे त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या काळापासून चालत आलेलं, कुणी त्यावर शंका घेतली नव्हती. चांगल्या हेतूनेच करत होते. त्या विसाव्यातच सगळा फरक धुऊन जात होता.

"म्हणजे तुम्ही मोजल्या त्या माझ्या पेशी नव्हत्याच?" मी विचारलं.

"तुझ्याच होत्या. पण तुझ्यापासून एक रात्र लांब राहिलेल्या."

हे वाक्य मला लागलं. माझ्यापासून एक रात्र लांब राहिल्या की माझ्या पेशीसुद्धा बऱ्या होतात, असाच त्याचा अर्थ ना? भिंगरीला ते कळलं असावं, कारण ती घाईघाईने गाडीच्या उदाहरणावर आली. गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि कुणीतरी रेस देऊन ठेवली आहे, असं समज, म्हणाली. गाडी जागची हलत नाही, पण इंजिन तापतंय, इंधन जळतंय. मग चढ आला की तिच्यात ओढ उरत नाही. अजून थोड्याच माणसांचं बघितलंय, सगळ्यांच्या बाबतीत असंच असेल असं नाही, हेही तिने सांगितलं. ती नेहमी असं शेपूट लावते. पण मला पहिल्याच फटक्यात समजलं होतं. पंचवीस जणांना न्यूट्रलमध्ये रेस देऊ नका म्हणून दिवसभर ओरडणारी मी.

समजलं म्हणूनच माझा तोल गेला.

"तूपण आलीस तर," मी म्हणाले. "सगळ्या जगाचं सांगून झालं. तू तेवढी राहिली होतीस."

एवढं बोलून मला खोकला आला. खोकताना मी टेबल धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोकल्याचंच आहे असं तिला वाटावं म्हणून मी खोकत राहिले. खरं सांगायचं तर मला आजाराचं काही वाटत नव्हतं. ती एक चांगली बातमी गेली, याचं वाटत होतं. एवढ्या वर्षांत एकदाच कुणीतरी माझ्या शरीराची बाजू घेतली होती, आणि आता ते म्हणणं परत घ्यायला समोर उभं होतं. मला तिला घालवून द्यायचं होतं. जा म्हणायलासुद्धा श्वास जुळवावा लागत होता.

भिंगरी माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिला असं स्थिर बसलेलं मी क्वचितच पाहिलं असेल.

"मी वजन कमी कर म्हणायला आलेले नाही," ती म्हणाली. "ते आहे तिथे राहू दे, आज संध्याकाळपर्यंत काही ते कमी होत नाही. मी लवकर चल म्हणायला आले आहे. दुसऱ्या कुणाला दोन दिवस वाट बघून चालेल, तुला नाही. आणि तू माझ्या भरवशावर घरात बसून आहेस, ताई. मी सांगितलं म्हणून."

तिने मग एक वेगळीच गोष्ट करायला सांगितली. मी शिकणाऱ्यांना रोज जे म्हणून दाखवते ते एका दमात म्हण, म्हणाली. पोरखेळ वाटला मला. आरसा बघा, पट्टा लावा, गाडी न्यूट्रलला आहे का बघा, क्लच दाबा, मग चावी फिरवा. हे मी झोपेत म्हणते. झाडूनपुसून सगळं एका श्वासात म्हणते आणि वर शिवीही बसवते. मी सुरू केलं. आरसा झाला, पट्टा झाला, आणि न्यूट्रलपाशी श्वास संपला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच संपला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"चल," मी म्हणाले.

गाडी दारातच होती, माझी शिकवण्याची. वर पिवळी पाटी, मागे मोठं लाल 'L' अक्षर. टॅक्सी बोलवायची तर वाट बघावी लागली असती. भिंगरीने चावी उचलली. लायसन्स तिला दुसऱ्या खेपेला मिळालेलं आणि तेव्हापासून तिने गाडीला हात लावलेला नाही, शिकवणारी मीच. मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसले. गल्लीतून बाहेर पडतानाच तिने गाडी बंद पाडली. मग चौकात चुकीच्या लेनला लागली. मागच्या बसने हॉर्न दिला, एक स्कूटरवाला काचेत वाकून काहीतरी बोलून गेला. तिने सगळा रस्ता गाडी दुसऱ्या गिअरवरच पळवली, इंजिन बोंबलत होतं, आणि मी गप्प होते. ओरडायला माझ्याकडे हवा नव्हती. पुढची लाल दिव्याची रांग तिला उशिरा दिसली तेव्हा मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि तेवढ्यानेही घाम फुटला.

"ताई, काहीतरी बोल," भिंगरी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "ओरड माझ्यावर." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी तिच्या हातावर थोपटलं आणि गिअरचा दांडा तिच्या हातासकट तिसऱ्यात ढकलला.

दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या मुलीने नंबर दिला आणि बसायला सांगितलं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, मध्ये लोखंडी हात. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या पुढे एक मनगट मुरगळलेला माणूस होता, एक रडणारं बाळ होतं, आणि एक गृहस्थ होते ज्यांना नुसतं प्रमाणपत्र हवं होतं. भिंगरी खिडकीपाशी दोनदा जाऊन आली. तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण खिडकीतल्या मुलीने मान उंच करून माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग पुन्हा स्क्रीनकडे.

बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले. चेहरा दमलेला, हातात कॉफीचा कागदी कप. काय होतंय, त्यांनी विचारलं. भिंगरीने सांगितलं, ताप, खोकला, आज दम लागतोय. त्यांनीही माझ्याकडे तसंच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दम याआधीही लागत असेल ना?" ते म्हणाले. "या वजनाला थोडा दम लागतोच. बसा, नंबर आला की बघू."

वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून उभा असेल. पण ते वाक्य ऐकल्यावर माझ्या आतलं सगळं दार लावून घ्यायला निघालं. वळावं आणि सरळ घरी जावं. हेच सांगणार हे माहीत होतं, म्हणूनच येत नव्हते, झालं का समाधान? भिंगरीने तोंड उघडलं. आता ती पेशी आणि प्रथिनं काढणार हे मी ओळखलं आणि तिचं मनगट धरलं. हे तिने बोलायचं नव्हतं.

"डॉक्टर, मी जाड आहे," मी म्हणाले. हा शब्द मी स्वतःबद्दल कधी सरळ उच्चारला नव्हता. विनोदात हजारदा, सरळ कधीच नाही. खुर्च्यांवरचे लोक बघायला लागले. "मागच्या आठवड्यात... याच अंगाने... दोन जिने चढत होते. आज... बोलता येत नाही." मी थांबले, श्वास गोळा केला. "जाड आहे म्हणून... मला मागे ठेवू नका. जाड आहे म्हणून... आधी बघा."

डॉक्टरांनी या वेळी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठांकडे पाहिलं. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, खिशातून ते छोटं यंत्र काढून माझ्या बोटाला चिमट्यासारखं लावलं आणि आकडा यायची वाट बघत उभे राहिले. आकडा आला. त्यांनी यंत्र काढून दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं. मग चाकाची खुर्ची मागवली, आणि ती अरुंद आहे हे बघून स्वतःच म्हणाले, मोठी आणा.

पुढचं भराभर झालं. तोंडावर मास्क, हाताला सुई, छातीचा फोटो. दोन्ही बाजूंना सावली आहे असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं. विषाणूवरच्या गोळ्या तिथेच सुरू केल्या. आणखी उशीर केला असता तर, असं डॉक्टर भिंगरीला म्हणाले आणि वाक्य पुरं न करता दुसऱ्या पेशंटकडे गेले. भिंगरी पलंगाच्या पायथ्याशी चादरीचा कोपरा घडी घालत होती, मोडत होती. ती मला माफ कर म्हणाली नाही, आणि मला ते नकोच होतं. मी मास्क जरा वर करून तिला म्हटलं की ती चुकीची बातमी मला फार आवडली होती. तिने मान हलवली आणि मास्क नीट लावला.

संध्याकाळी नवरा कामावरून परस्पर आला. येताना धावत आला असावा, शर्ट पाठीला चिकटलेला. तो काही बोलायच्या आत नर्सबाई सुया आणि बाटल्यांचा ट्रे घेऊन आल्या. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात एक इंजेक्शन द्यायचं होतं.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आला की माझ्या तोंडून आपोआप एक आकडा बाहेर पडतो. तो खऱ्यापेक्षा बराच कमी आहे. लायसन्सच्या अर्जावर तोच, विम्यावर तोच, नवऱ्यालाही लग्नापासून तोच माहीत. तोच जिभेवर आला होता.

"याचा डोस वजनावर ठरतो," नर्सबाई म्हणाल्या, सुईवरचं टोपण काढत. "कमी सांगितलं तर औषध कमी पडेल."

भिंगरी चादर सोडून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या दोन पलंगांवर माणसं होती, आणि नवरा माझ्या उशाशी. मी मास्क बाजूला केला आणि खरा आकडा सांगितला. स्पष्ट ऐकू जावं म्हणून दोनदा सांगितला. नर्सबाईंनी सुईतलं औषध थोडं वाढवलं. नवऱ्याने आकडा ऐकला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि इंजेक्शन देता यावं म्हणून माझ्या पोटावरची चादर दोन्ही हातांनी अलगद बाजूला केली.